किमहेचे दोन किम

केडगाव स्टेशनातून आश्रमाच्या अंगाने चालू लागलं की आधी कोंबड्यांचा वास यायचा आणि मग किमआप्पाची वस्ती दिसायची. गावाने ह्या माणसाला आधी चिनी ठरवून टाकलं होतं. बासष्टच्या लढाईत तर चार टवाळांनी त्याच्या शेडवर दगडही टाकले. पुढं कोणीतरी समजावलं की हा चिनी नव्हे, कोरियाचा आहे. कोरिया कुठं आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि जो मुलूख माहीतच नाही त्याच्यावर राग तरी किती दिवस धरायचा? त्याची अंडी सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊ लागली, गावच्या बायकांना शेडवर रोजगार मिळू लागला, आणि चिन्याचा किमआप्पा झाला.

दयाबाई त्याची बायको. ती तिथल्या ख्रिस्ती आश्रमात वाढली. पटकीच्या साथीत कोणीतरी तिला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून आश्रमाच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. आई कोण, बाप कोण, जात कुठली, आडनाव काय, ह्यातलं काहीच तिच्याबरोबर आलं नाही. दया हे नाव आश्रमातल्या मोठ्या बाईंनी ठेवलं. वयात आल्यावर तिला दोन मागण्या आल्या, दोन्ही चांगली ख्रिस्ती घरं, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारी. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी हळूच विचारलं, "पण मूळची कुठली?" उत्तर मिळालं नाही तसे चहा पिऊन उठून गेले. प्रभूच्या दारात सगळे सारखे, हे खरं. पण सोयरीक जुळवायला बसले की लोक प्रभूलाही जरा बाहेर थांबवतात.

मग हा किम आला. पंचावन्न साल असेल. सरकारने त्याला कोंबड्या पाळायचं शिक्षण दिलं होतं आणि आश्रमाला कोंबड्या पाळायच्या होत्या. काही महिन्यांनी त्याने दयाला लग्नाचं विचारलं. तिने तोंडावर सांगून टाकलं, "माझ्या मागं कुणी न्हाई. मूळ-कूळ काही ठाऊक न्हाई." त्याला तेव्हा मराठी येत नव्हतं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरा भी कोई नहीं. चलेगा." त्या एका 'चलेगा'वर दयाबाईने सगळा संसार केला. जगात निदान एक माणूस असा निघाला ज्याने आपल्याला मूळ विचारलं नाही, ही तिची श्रीमंती होती. बाकी श्रीमंती म्हणाल तर कोंबड्याच.

त्याला स्वतःचं मूळ मात्र तोंडपाठ. त्यांच्या देशात किम म्हणे आपल्याकडच्या बाभळींइतके, बघावं तिकडे किम. म्हणून किमला किम भेटला की पहिला प्रश्न, कुठला किम? प्रत्येकाचं मूळगाव ठरलेलं. ह्याचं किमहे.

"म्हंजी किमहेकर म्हणा की," दयाबाई म्हणायची.

किम म्हणजे सोनं. किमहेचा पहिला राजा आभाळातून उतरलेल्या सोन्याच्या अंड्यातून जन्मला आणि त्याची राणी जहाजात बसून समुद्रावरून आली ती हिंदुस्थानातून, अशी त्यांच्याकडची जुनी गोष्ट. ती सांगताना किमचा चेहरा उजळून जायचा. "मी परक्या मुलखात न्हाई आलो," तो म्हणायचा, "मी आजोळी आलोय."

"राजाच अंड्यातला, म्हणून तुमचा जीव खुराड्यात रमतो," दयाबाई चिडवायची. पण मनातून तिला त्या गोष्टीचं फार कौतुक. राजापासून मोजलं तर तो सत्तरच्या वरच्या पिढीतला. जिच्या मागे एकही पिढी नव्हती तिला ह्या सत्तर पिढ्या सासर म्हणून मिळाल्या होत्या. त्यातलं थोडंफार आपल्याही वाट्याला आलं, असं ती धरून चालली होती.

त्या एवढ्या मोठ्या कुळातला दुसरा एकच माणूस ह्या बाजूला होता, मानसू. लोक एकाला थोरला किम म्हणत, दुसऱ्याला धाकटा. पण ते सख्खे भाऊ नव्हेत. तिकडच्या लढाईत दोघं कैदी म्हणून एका बेटावरच्या छावणीत पडले होते. तिथं कैदीच कैद्यांना मारत, तू इकडचा की तिकडचा एवढंच विचारून. एकदा त्यांनी मानसूला घेरलं. विशीतलं पोर, बोबडी वळलेली. थोरल्याने गर्दीतून विचारलं, आडनाव? किम. कुठला? किमहेचा. थोरल्याने त्याला मागे ओढलं आणि सांगितलं की हा माझ्या रक्ताचा आहे, ह्याला हात लावायचा तर आधी मला लावा. लढाई थांबली तेव्हा देशाचे दोन तुकडे झाले होते आणि ह्या दोघांना कुठल्याच तुकड्यात जायचं नव्हतं. राखणीला हिंदुस्थानी पलटण होती, तिच्या मागोमाग ते इकडे आले. तेव्हापासून मानसू त्याला ह्यंगनिम म्हणायचा, म्हणजे थोरले दादा, आणि त्याच्यासमोर कधी पाय पसरून बसला नाही.

मानसूने लग्न केलं ते सोजरबाईशी. ती भीमेच्या पलीकडची, शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईची. शेडवर रोजगाराला यायची. तिचा बाप गावची वेस राखणारा येसकर महार. पुढं सगळी वस्ती बौद्ध झाली, बापाने येसकरकी टाकली, आणि सोजरबाईने मान वर करून चालायला सुरुवात केली ती कायमची. मानसू सासऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर कांदे करायला नदीपलीकडे राहायला गेला. त्यांचा मुलगा पोपट. शाळेत हजेरीला 'पोपट मानसू किम' आलं की मास्तरांना हसू आवरायचं नाही. थोरल्या किमला एकच मुलगी, दबोरा.

भाद्रपदातली पुनव दोन्ही घरं एकत्र धरायची. त्या दिवशी पूर्वजांना जेवू घालायचं. गाव म्हणायचं, बघा, ह्यांची पित्तरंही आपल्याच दिवसांत जेवतात. सकाळी थोरला किम पाट मांडायचा, त्यावर भात, उकडलेली अंडी, फळं. मानसू दोन्ही हातांनी पेला पुढं करायचा, थोरला तो घेऊन पाटावर ठेवायचा, मग दोघं कपाळ जमिनीला टेकायचे. पेला देणारा त्याच कुळाचा लागतो, तिथं ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. तिकडे पेल्यात दारू असते म्हणे. आश्रमाच्या शेजारी दारू कुठली, दयाबाई किटलीभर कोरा चहा द्यायची. पूर्वजांनी कधी तक्रार केली नाही. दयाबाई ख्रिस्ती आणि सोजरबाई बौद्ध, दोघी चुलीपाशी बसून नवऱ्यांच्या ह्या खुळाला नावं ठेवत वांगी चिरायच्या. वर्षातला तो त्यांचा सगळ्यात सुखाचा दिवस असायचा.

पोपट दौंडच्या इंजिन शेडमध्ये फिटर म्हणून लागला. सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरने केडगावला उतरून किमआप्पाच्या शेडमधले दिवे आणि पंप बघून द्यायचा. शेडमधले दिवे एकाएकी इतके का बिघडायला लागले, हे दयाबाईला पहिल्या महिन्यातच समजलं. ती काही बोलली नाही. दबोरा आश्रमाच्या शाळेत शिकवत होती, शहाणी पोरगी, आईपेक्षा चार शब्द कमी बोलणारी. मूळ विचारून चहा पिऊन उठणारे म्हातारे हिच्या नशिबी येणार नाहीत, ही नदीपलीकडे जाईल आणि हिला सोजरसारखी सासू मिळेल, ह्याहून दयाबाईला जगाकडून काही नको होतं. सत्याहत्तरच्या पावसाळ्यात पोपटाने स्वतःच येऊन विचारलं तेव्हा तिने त्याच्या चहात साखर दुप्पट घातली.

थोरला किम म्हणाला, "न्हाई."

"का न्हाई?" दयाबाईला आधी ती थट्टाच वाटली.

"बहीण-भाऊ हायत ते."

"कुठले बहीण-भाऊ? तुमची आन् भावजींची तर वळखच छावणीतली."

"एका किमहेचे किम. रक्त एक. आमच्यात असं होत न्हाई. कवाच न्हाई झालं."

"किती पिढ्यांमागं एक व्हतं ते रक्त?"

"लई मागं."

"मग तसं बघितलं तर आदम-हव्वेची आपण सगळीच लेकरं. कुणी लग्नंच करू नये."

तो हसला नाही. हा माणूस तिच्यावर कधी ओरडला नव्हता आणि आताही ओरडला नाही, नुसता मान हलवत राहिला. भावाच्या पोराला पोरगी दिली तर पूर्वजांपुढं कुठल्या तोंडाने वाकू, म्हणाला. पोपट चहा तसाच ठेवून उठला. दबोरा दारात उभी होती. "पप्पा, तुमचे पूर्वज मला वळखतात का?" तिने विचारलं आणि उत्तराला न थांबता शाळेत निघून गेली.

त्यानंतर त्या घरातलं बोलणंच आटलं. पोपट येईनासा झाला. दबोरा अर्धी भाकरी खाऊन उठायची. किम दिवसभर खुराड्यांत राबायचा आणि संध्याकाळी लेकीच्या तोंडाकडे चोरून बघायचा. त्यालाही सुख नव्हतं, हे दयाबाई बघत होती. तो दुष्ट असता तर तिला सोपं गेलं असतं.

श्रावण सरत आला तेव्हा एकदा मानसू आला. थोरला खाद्य आणायला पुण्याला गेला होता, आणि तो घरी नसतानाच मानसू आला होता. दयाबाई अंडी गोळा करत होती. तो शेजारी उभा राहून तिच्याबरोबर अंडी वेचू लागला.

"वहिनी, पोरांचं लग्न होऊ शकतं," तो म्हणाला. "रक्त एक न्हाई."

दयाबाई थांबली.

"माझा आजा किम नव्हता."

"मग कोण व्हते?"

"कुणीच नव्हता. नाव व्हतं, तुमच्याकडं धोंडू म्हणतात तसलं. आडनाव नव्हतं. एका मोठ्या किमच्या घरात गडी. पगारी न्हाई, विकत घेतलेला. त्याचा बाप बी तिथंच, त्याचा बाप बी तिथंच. मग सरकारचा हुकूम निघाला, ज्यानं त्यानं आडनाव लावायचं. आमच्यासारख्यांकडं आडनाव कुठलं? आज्यानं मालकाचं लावलं. मूळगाव विचारलं, तर मालकाचं मूळगाव सांगितलं. त्यानं ते किमहे जल्मात बघितलं नव्हतं." मानसूने अंडं फडक्याने पुसलं. "आमच्या मुलखात एवढे किम झाले कसे, वहिनी? अंड्यातून थोडेच निघाले सगळे."

दयाबाईला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत तिला वाटत होतं की मूळ नसलेली माणसं फक्त आश्रमात असतात.

"छावणीत ह्यंगनिमनी इचारलं, कुठला. बापानं शिकवलं व्हतं तेच मी बोललो. खोटं बोलायचं म्हणून न्हाई बोललो. पण पुढं सांगायचं धाडस झालं न्हाई. भाऊ मिळाला व्हता." तो खाली बघत होता. "आता सांगितलं तर पोरांचं होईल. सांगू का? सोजर म्हणती, सांगू नका. म्हणती, कुळाची गोष्ट निघाली की माणूस पालटतं."

"सोजरला काय ठाऊक त्यांचं?" दयाबाई म्हणाली. "बाकीच्या जगाचं खरं असेल. ह्या माणसानं मला मूळ विचारलं नव्हतं, भावजी. आडनाव नसलेलीला पदरात घेतलंय. तुम्ही बिनघोर सांगा. उलट त्यांच्या मनावरचा दगड उतरेल."

तिने हे इतक्या खात्रीने सांगितलं की मानसूच्या चेहऱ्यावर उजेड आला. पुनवेलाच सांगतो, म्हणाला, पूर्वजांपुढं आणखी एक वर्ष खोटेपणाने वाकायला नको. दयाबाईने त्याच्याबरोबर सोजरसाठी डझनभर अंडी दिली आणि तो गेल्यावर पेटीतलं आपल्या लग्नातलं पातळ काढून उन्हात टाकलं. दबोराला ती काही बोलली नाही. पोरीला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

पुनवेला सगळे जमले. दयाबाईने निरोप धाडला होता म्हणून पोपटही आला, आणि दबोराने कितीतरी दिवसांनी केसात फूल माळलं. थोरल्याने पाट मांडला. भात, अंडी, सीताफळं लावून झाली, किटली आली. मानसूने पेला भरला, दोन्ही हातांत धरला आणि पुढं करायच्या आधी त्यांच्या भाषेत बोलू लागला. दयाबाईला त्यातले थोडेच शब्द कळत होते, पण काय चाललंय ते ठाऊक होतं, म्हणून ती थोरल्याच्या चेहऱ्याकडे बघत बसली. आता हा हसेल, आता ह्याचा जीव हलका होईल.

थोरल्याचा चेहरा आधी लहान पोरासारखा झाला, रडायच्या आधी होतो तसा. त्याने दोनदा काहीतरी विचारलं. मानसूने दोनदा होकाराची मान डोलावली. मग थोरला बोलला ते मराठीत, कोणाकडेच न बघता.

"आमच्या घरी बी व्हती असली माणसं. फाटकाशेजारच्या खोलीत राहायची."

मानसूने सवयीने पेला पुढं केला. दोन्ही हातांनी, मान झुकवून, दरवर्षी करायचा तसाच. थोरल्याने तो घेतला नाही. त्याने दुसरा पेला उचलला, किटलीतून आपल्या हाताने भरला, पाटावर ठेवला आणि एकटा वाकला. मानसू पेला धरून तसाच उभा राहिला. पेला कलंडला आणि चहा त्याच्या मनगटांवरून खाली सांडला.

सोजरबाई चुलीपासून उठली. ओरडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिने नवऱ्याच्या हातातला पेला घेतला, अंगणाच्या कडेला उपडा केला आणि दयाबाईजवळ येऊन बोलली.

"जाऊबाई, माझा बा गावात भाकर मागायला जायचा, येसकराची. लोक वरनं टाकायचे. त्याच्या हाताला हात लागू नये म्हणून. मी संगं असायची, टोपलं धरून. मला ह्ये दिसलं की कळतं. सांगाया लागत न्हाई." मग पोपटाकडे वळली. "चल."

पोपट दबोराकडे बघत होता. दबोराही त्याच्याकडे बघत होती. त्याच्या बापाला सोजरबाईने हाताला धरून चालवायला सुरुवात केली होती, आणि बापाचं पाऊल नीट पडत नव्हतं. पोपट धावत पुढं झाला आणि त्याने बापाचा दुसरा हात धरला. तिघं नदीच्या वाटेला लागले. दबोराने केसातलं फूल काढून टाकलं आणि पाटावरची भांडी आवरायला घेतली, कारण ती कोणीतरी आवरायला हवी होती.

संध्याकाळी दयाबाई नवऱ्यासमोर जाऊन बसली. तो ओट्यावर होता, दुपारपासून जेवला नव्हता.

"रक्त एक म्हणून न्हाई म्हणालात. आता रक्त एक न्हाई, तरी न्हाई?"

तो म्हणाला, "वीस-बावीस वर्षं मी एका गड्याबरोबर माझ्या आज्या-पणज्यांना जेवू घातलं."

"आन् मी कोण?"

"तुझं वेगळं."

"काय वेगळं? माझ्या मागं कोण हाय ते मला तरी ठाऊक हाय का?"

"तेच. तुझं ठाऊकच न्हाई."

दयाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "आन् ठाऊक असतं तर?" तिने विचारलं. "कुणी सांगितलं असतं, ही अमक्याची, ह्यांच्या हातचं कुणी पाणी घेत न्हाई, तर? तर चाललं असतं?"

त्याने मान खाली घातली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि त्या दिवशी दयाबाईने देवाजवळ मागितलं असतं तर एवढंच मागितलं असतं, की ह्याने एकदा खोटं बोलावं. ती उठून शेडमध्ये गेली आणि कोंबड्यांच्या कलकलाटात पोटभर रडली. लेकीसाठी रडायला गेली होती, पण त्यात स्वतःसाठीचंही बरंचसं रडणं मिसळलं.

किम वाईट माणूस नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. वाईट नसलेली माणसंही एवढं करून बसतात, आणि मग त्यांना झोप लागत नाही. तो वाळत चालला. दिवाळी आली आणि गेली. दर पंधरवड्याला कांद्याची पिशवी खांद्यावर टाकून येणारा माणूस आता येत नव्हता, आणि ह्या उभ्या मुलखात त्याच्या भाषेत बोलायला दुसरं कोणी नव्हतं. तो एकटाच कोंबड्यांशी त्या भाषेत पुटपुटायचा. एका सकाळी पिलांना पाणी घालताना त्याच्या हातातून डबा पडला आणि तो तिथंच खाली बसला.

"छावणीत मी त्याला सोडून दिलं असतं का?" त्याने दयाबाईला विचारलं. "तवा त्यानं खरं सांगितलं असतं तर?"

तिने पडलेला डबा उचलून पुन्हा पाण्याने भरला.

"चल," तो म्हणाला. "मी जाऊन माफी मागतो. लग्न लावून देतो. पूर्वजांचं मी बघून घीन."

दोघं नदीवर गेले, होडीने पलीकडे उतरले. दयाबाईने जाताना दबोराला सांगितलं होतं, तुझे पप्पा स्वतः बोलायला चाललेत. दबोरा दारापर्यंत आली होती.

मानसू कांद्यात होता. थोरल्याला बांधावर बघितलं तसं त्याने खुरपं टाकलं, हात धुतले, घरातून घोंगडी आणून बाजेवर अंथरली आणि म्हणाला, बसा. स्वतः समोर उभा राहिला, दोन्ही हात पोटापाशी जोडून, मान खाली. थोरला बोलत होता, आधी त्यांच्या भाषेत, मग मराठीत, म्हणजे सोजरबाईला आणि पोपटालाही कळावं. चुकलो म्हणाला. आडनावाला काय जाळायचंय म्हणाला. मानसू मधूनमधून हुंकार देत होता आणि प्रत्येक हुंकारामागे एक शब्द लावत होता. तो शब्द ह्यंगनिम नव्हता. दयाबाईने तो आधी कधीच ऐकला नव्हता. पण तो ऐकला की थोरला दर वेळी अंग चोरायचा.

"बस रे," थोरला म्हणाला. "माझ्याशेजारी बस."

मानसूने नम्रपणे मान हलवली आणि उभाच राहिला. त्यात राग नव्हता. राग असता तर थोरल्याने त्याचे पाय धरले असते, दोघं रडले असते, आणि गोष्ट तिथं मिटली असती. मानसूने फक्त आपल्या आज्याची जागा घेतली होती, आणि ती त्याला कोणी शिकवावी लागली नव्हती.

पोपट दारातल्या खांबाला टेकून ऐकत होता. दौंडहून तो त्याच सकाळी आला होता, कपड्यांवर तेलाचे डाग तसेच होते. तो पुढं आला.

"आप्पा, तुमी माझ्या बाबाचा जीव वाचवला. ते उपकार मी इसरलो न्हाई. दबोरानं बी कुणाचं काय वाईट केलं न्हाई. पण बाबाकडं बघा. त्या दिवसापासनं मी रोज सांगतो, की आप्पा आले तर बसा. बघा, बसतोय का. त्या घरात मी जावई म्हणून पाटावर कसा बसू, आन् माझा बाप दारात उभा ऱ्हाणार?" त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसले नाहीत. "तिला सांगा, माझा तिच्यावर राग न्हाई."

दयाबाईने सोजरबाईकडे पाहिलं. सोजरबाईने तिचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि सोडून दिला. चहा झाला. सोजरबाईने थोरल्यालाही दिला आणि तो त्याने प्यायला.

परत येताना होडीत थोरला किम पाण्याकडे बघत बसला होता. दयाबाईने विचारलं, "भावजी तुम्हाला काय म्हणत व्हते?"

"मालक," तो म्हणाला. "आमच्या घरचे गडी माझ्या बापाला म्हणायचे तसं."

मग तो रडायला लागला, नावाड्यासमोर. दयाबाईला त्याची कीव आली. एरवी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला असता. हात तिने उचललाही, पण तो तिच्याच मांडीवर परत आला.

दबोरा दारातच बसली होती. ती दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून समजली आणि तिने बापाला काही विचारलं नाही. तो आत गेल्यावर आईला म्हणाली, "पोपट काय म्हणाला?"

"तुझ्यावर राग न्हाई म्हणाला."

दबोराने मान हलवली. बराच वेळ ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली.

"आई, शेडवरच्या बायका म्हणतात, 'पप्पांना सांगा' असं काकांना तू म्हणाली व्हतीस?"

"व्हय."

"सोजरकाकू नको म्हणत व्हत्या, तरी?"

"व्हय."

"का गं?"

"मला वाटलं, मला घेतलं तसंच भावजींना बी घेतील," दयाबाई म्हणाली. दबोराने तिला जवळ ओढलं आणि मग दोघीही रडल्या. आत थोरला किम ऐकत होता. तो बाहेर आला नाही.